आधी तारा, मग ग्रह

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय छापला आहे 'परग्रहावर जीवसृष्टी आहे का?'. याचे आजच्या घडीचे प्रामाणिक उत्तर एका ओळीत संपते. अजून कुठेही सापडलेली नाही, शोध चालू आहे. एवढे सांगून मी खाली बसले असते तर स्वयंपाकघरातल्या मंडळींनी मला दुवा दिला असता. पण संयोजकांनी पाऊण तास दिलाय, आणि पस्तीस वर्षे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवलेल्या बाईला पाऊण तास मिळाला की ती सोडत नाही. म्हणून त्या प्रश्नाच्या एक पायरी अलीकडचा प्रश्न मी घेते. ग्रहाची चौकशी करण्याआधी त्याच्या ताऱ्याची चौकशी कशी करतात? स्थळ आले की आपण आधी घराणे पाहतो, तसेच हे आहे. घराण्याची माहिती चुकली तर पुढचे सगळेच चुकते, आणि तसे खरोखर घडलेलेही आहे. ती गोष्ट पुढे येईल.

आकाशातून आपल्या हाती काय येते, याचा अनुभव आपल्या जिल्ह्याला चांगलाच आहे. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी आकाशातून जळते पट्टे गेले आणि सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला धातूची मोठी कडी येऊन पडली. चिनी रॉकेटचा तो तुकडा होता. लोकांनी हात लावून पाहिला, पोलिसांनी उचलून नेला. ताऱ्याच्या बाबतीत अशी सोय नाही. सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षे दूर. तिथून आपल्यापर्यंत पोचतो तो प्रकाश, आणि जे काही कळायचे ते त्यातूनच काढायचे.

प्रकाशातून माहिती काढायची रीत आपण याच शाळेत पाहिली आहे. प्रयोगशाळेतला तो कोपरा उडालेला लोलक आठवत असेल. खिडकीच्या फटीतून ऊन घेऊन सर भिंतीवर सात रंगांचा पट्टा पाडत. तोच वर्णपट. आपण शाळेत पाहिला तो ढोबळ होता. बारीक फटीतून आणि चांगल्या उपकरणातून पाहिले तर सूर्याच्या त्या पट्ट्यात काळ्या उभ्या रेषा दिसतात, शेकड्यांनी. जर्मनीत फ्राउनहोफर यांनी १८१४ च्या सुमारास त्या नीट मोजल्या. रेषा का पडतात हे किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये दाखवले. प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या जागचाच प्रकाश सोडते किंवा गिळते. घरी पाहायचे असेल तर गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाका. ज्योत पिवळीधमक होते, तो मिठातल्या सोडियमचा पिवळा. रस्त्यावर पूर्वी असायचे त्या सोडियमच्या दिव्यांचा पिवळाही तोच, आणि सूर्याच्या वर्णपटात नेमकी त्याच जागी काळ्या रेषांची जोडी आहे. म्हणजे सूर्यावर सोडियम आहे. इथे बसून कळले.

इथे एक खुलासा करते, कारण आपल्यातले बरेच जण कोकणच्या सहलीला जाऊन आलेले असतात. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला असे तिथे सांगतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात गुंटूरला फ्रान्सचे जान्सेन होते. नॉर्मन लॉकियर त्या वेळी भारतात नव्हतेच, त्यांनी ती अनोळखी पिवळी रेषा त्याच वर्षी इंग्लंडमध्ये बसून पाहिली. विजयदुर्गाला ते आले १८९८ च्या ग्रहणासाठी. किल्ला पाहण्यासारखा आहेच, त्याला या दंतकथेची गरज नाही.

आता ताऱ्यांकडे. एका ताऱ्याचा वर्णपट दुसऱ्यासारखा नसतो. कुठे हायड्रोजनच्या रेषा ठसठशीत, कुठे लोखंड-कॅल्शियमच्या रेषांची गर्दी, कुठे रुंद काळे पट्टेच पट्टे. लाखो तारे, लाखो पट्ट्या. यांची प्रतवारी लावायची कशी? आमच्या वर्गातला एक मित्र वनखात्यातून निवृत्त झालाय. बल्लारशाच्या डेपोत सागवानाच्या ओंडक्याचे कापलेले तोंड पाहून तो झाडाचे वय, वाढ, आतली पोकळी सगळे सांगतो. झाड त्याने उभे पाहिलेले नसते. वर्णपट म्हणजे ताऱ्याचे ते कापलेले तोंड समजा.

ही प्रतवारी लावली अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेतल्या बायकांनी. विल्यमिना फ्लेमिंग या तिथल्या संचालकांच्या घरी आधी मोलकरीण होत्या. पुढे त्यांनी दहा हजारांहून अधिक ताऱ्यांची वर्गवारी केली. त्यांच्यानंतर ॲनी जम्प कॅनन. यांना जवळजवळ ऐकू येत नसे, पण भिंगातून काचेच्या पट्टीकडे एकदा पाहिले की ताऱ्याचा वर्ग तोंडून बाहेर पडे आणि शेजारची मदतनीस तो लिहून घेई. १९१८ ते १९२४ दरम्यान छापलेल्या हेन्री ड्रेपर सूचीत २,२५,३०० तारे आहेत, ते त्यांनी वर्ग लावलेले. हे वाचताना मला दरवेळी नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवतात. १९८३ मध्ये धानाच्या उभ्या पिकात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या वेगळ्या काढल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षे निवडत गेले आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. आज दुपारी तोच आपल्या ताटात होता. त्या शेतातून माणसे रोज जात होती, वेगळेपण एकाच्याच डोळ्यांत भरले.

कॅनन बाईंनी लावलेला क्रम असा: ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. आधीच्या वर्गवारीतली काही अक्षरे गाळली, काही मागेपुढे केली, म्हणून हा क्रम असा विचित्र उरला. इंग्रजीत तो पाठ करायला एक वाक्य आहे, ते मुलांपुढे म्हणण्याजोगे नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांसाठी वेगळे केले होते: ओढ्यावर बैल आला, फिरून गेला कोरड्या माळावर. ओ, ब, अ, फ, ग, क, म. बैलाचा ताऱ्यांशी संबंध नाही, पण परीक्षेत कुणी विसरले नाही.

हा क्रम नेमका कशाचा आहे हे मात्र त्या वेळी कुणाला नीट सांगता येत नव्हते. ए वर्गात हायड्रोजनच्या रेषा सर्वांत ठळक, म्हणून तिथे हायड्रोजन जास्त असणार, असे वाटणे साहजिक होते. ते कोडे सोडवले मेघनाद साहांनी. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या किराणा दुकानदाराचा मुलगा. कलकत्त्यात बसून १९२० मध्ये त्यांनी दाखवले की तापमान वाढते तसे अणूंमधले इलेक्ट्रॉन आधी वरच्या पायरीवर चढतात आणि मग सुटूनच जातात, आणि किती तापमानाला किती सुटतील याचे गणित मांडता येते. हायड्रोजनच्या डोळ्यांना दिसणाऱ्या काळ्या रेषा पडायला इलेक्ट्रॉन दुसऱ्या पायरीवर असावा लागतो. थंड ताऱ्यात तो खालीच बसून राहतो, फार तापलेल्यात उडून जातो. ए वर्गाच्या दहा हजार अंशांच्या आसपास बेत नेमका जमतो. माल सगळीकडे जवळजवळ तोच, आच वेगळी. भाताचे पाणी कोमट असताना, आधणाला आल्यावर आणि आटल्यावर वेगळे दिसते, तरी पातेले एकच असते. साहांच्या समीकरणावर उभे राहून सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवले की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. साहांचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते. माझ्या मते ताऱ्यांविषयी भारतात बसून केलेल्या कामांत याच्या तोडीचे काम थोडे आहे.

आता गंमत पाहा. आपला मेळावा जानेवारीत आहे, आणि हे सातही वर्ग आज रात्री आठ-साडेआठला एकाच वेळी आपल्या डोक्यावर असतील. मृगाच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला पूर्वेकडचा तारा ओ वर्गाचा, तापमान तीस हजार अंशांच्या घरात. मृगाच्या पायाचा निळसर पांढरा राजन्य बी. व्याध ए. त्याच्या उत्तरेला प्रश्वा एफ. वर उत्तरेकडे ब्रह्महृदय जी, म्हणजे आपल्या सूर्याचे अक्षर. रोहिणी के. आणि मृगाच्या खांद्यावरचा तांबूस काक्षी एम, साडेतीन हजार अंशांच्या आसपास. लोहाराच्या भट्टीतला रंगांचा क्रम लक्षात ठेवा, लाल सर्वांत कमी तापलेला.

आपल्या भागातल्या लोकांनी हेच आकाश आपल्या पद्धतीने लावले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मयंक वाहिया आणि अमरावतीचे गणेश हलकारे यांनी गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा गावोगाव फिरून अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सप्तर्षीचा चौकोन म्हणजे खाट आणि मागचे तीन तारे म्हणजे ती चोरायला आलेले चोर, ही गोष्ट इथे बसलेल्या अनेकांनी आजीकडून ऐकली असेल. ती जागेवरून केलेली ओळख आहे, मी सांगते आहे ती प्रकाशावरून केलेली. शाळेने दोन्ही जपावे.

एक अक्षर मात्र पुरत नाही. काक्षी एम वर्गाचा, आणि आपल्या सर्वांत जवळचा प्रॉक्झिमा तारासुद्धा एम वर्गाचा. पहिला इतका अवाढव्य की सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीची कक्षा गिळेल. दुसरा सूर्याच्या सातव्या हिश्श्याएवढा. तापमान सारखे, आकारात जमीनअस्मानाचा फरक. यावर १९४३ मध्ये मॉर्गन आणि कीनन यांनी उपाय काढला. राक्षसी ताऱ्याचे वातावरण विरळ असते, त्यामुळे काही रेषा बारीक पडतात. बटू ताऱ्यात दाब जास्त, तिथे त्या रुंदावतात. म्हणून अक्षराच्या पुढे एक ते पाच असा रोमन आकडाही लिहितात. एक म्हणजे महाराक्षसी, पाच म्हणजे बटू. आपला सूर्य जी-दोन-पाच.

हे लाल बटू फार महत्त्वाचे आहेत. आपल्या दीर्घिकेतले चारपैकी सुमारे तीन तारे या प्रकारचे. आणि नुसत्या डोळ्यांना त्यातला एकही दिसत नाही. आज रात्री दिसतील ते बहुतेक धनदांडगे तारे, फार तेजस्वी म्हणून दूरवरून दिसणारे. त्यांच्यावरून ताऱ्यांच्या वस्तीचा अंदाज बांधणे म्हणजे महामार्गावरून गाडीने जाताना दिसणाऱ्या बंगल्यांवरून जिल्ह्याचा अंदाज बांधणे. एटापल्ली, भामरागड त्यात येतच नाही.

आता ग्रहांकडे येते. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ च्या ऑक्टोबरात जाहीर झाला. भाद्रपदा नक्षत्राजवळचा ५१ पेगासी हा जी वर्गाचा तारा, पन्नासेक प्रकाशवर्षांवरचा. ग्रह दिसला नव्हता. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित मागेपुढे होतो, आणि त्याच्या वर्णपटातल्या रेषा त्याबरोबर किंचित सरकतात, ते मेयर आणि केलो यांनी पकडले. ही घोषणा इटलीत फ्लॉरेन्सच्या परिषदेत झाली. त्याच परिषदेत दुसरीही एक घोषणा झाली आणि तिच्याशी आपल्या राज्याचा संबंध आहे.

श्रीनिवास कुलकर्णी यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुरुंदवाडचा, १९५६ चा. शिक्षण हुबळी, मग दिल्लीची आयआयटी, मग अमेरिका. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकोणीस प्रकाशवर्षांवरच्या ग्लीझ २२९ या लाल ताऱ्याच्या शेजारी एक अत्यंत मंद ठिपका शोधला. तारा की ग्रह? त्याचा वर्णपट घेतला, तर त्यात मिथेन निघाला. मिथेन म्हणजे आपला गोबर गॅस, आणि कोळशाच्या भुयारी खाणीत काम केलेले इथे कुणी असतील तर त्यांना तो जास्त चांगला माहीत आहे. ताऱ्यावर तो असूच शकत नाही, त्या आचेत त्याचे रेणू टिकत नाहीत. गुरू ग्रहावर तो आहे. म्हणजे ठिपका ताऱ्यापेक्षा खूप थंड, हजार अंशांच्याही खालचा, पण ग्रहापेक्षा खूप जड. तारा व्हायला जेमतेम कमी पडलेली वस्तू, तपकिरी बटू. निःसंशय ओळख पटलेल्या अशा पहिल्या काही वस्तूंपैकी ही. वर्गांच्या यादीत मागाहून एल आणि टी ही अक्षरे जोडावी लागली, आणि टी वर्गाची खूण हाच मिथेन. पुढे २०२४ मध्ये कळले की तो ठिपका एक नसून एकमेकांभोवती बारा दिवसांत फिरणारी जोडी आहे. एकोणतीस वर्षांनी फाईल पुन्हा उघडली.

रेषा सरकण्याची ही पद्धत कोणत्या ताऱ्यांवर चालते, तेही वर्गावरच ठरते. व्याधासारख्या तापट ताऱ्यांत रेषा मोजक्या असतात, आणि असे तारे बहुधा गरगर फिरत असल्याने रेषा पसरट होतात. रुंद रेषेची बारीक हालचाल मोजणे म्हणजे शेणाने सारवलेल्या पट्ट्यावर मिलिमीटर मोजणे. एफच्या उत्तरार्धापासून पुढे जी, के, एम वर्गांत रेषा भरपूर आणि धारदार. आपल्या देशात अबूच्या पहाडावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे 'पारस' नावाचे उपकरण हेच काम करते. सुमारे सहाशे प्रकाशवर्षांवरच्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा, पृथ्वीच्या सत्तावीसपट वस्तुमानाचा ग्रह त्या गटाने २०१८ मध्ये जाहीर केला. पृथ्वी सूर्याला किती हलवते म्हणाल तर सेकंदाला नऊ सेंटिमीटर. तेवढे पकडण्यासाठी जगभर धडपड चालू आहे.

लोखंडाचाही एक निष्कर्ष आहे. शेकडो ताऱ्यांच्या वर्णपटातल्या लोखंडाच्या रेषा मोजून फिशर आणि व्हॅलेंटी यांनी २००५ मध्ये दाखवले की ज्या ताऱ्यात लोखंड जास्त, त्याच्याभोवती गुरूसारखा मोठा ग्रह सापडण्याची शक्यता कितीतरी जास्त. सुरजागडच्या डोंगरात आहे तेच हे लोखंड, सूर्याच्याही आधीच्या ताऱ्यांत तयार झालेले. त्यावरून आपल्याकडे काय काय चालले आहे ते मी तुम्हाला सांगायला नको.

तेजस्वी ताऱ्यांभोवतीही ग्रह शोधले आहेत. आज प्रश्वाच्या डावीकडे पुनर्वसूचे दोन तारे दिसतील, त्यातल्या जास्त तेजस्वी, पिवळसर ताऱ्याभोवती ग्रह असल्याचे २००६ मध्ये जाहीर झाले. रोहिणीभोवतीही २०१५ मध्ये ग्रह मांडला गेला, पण २०१९ मध्ये जास्त निरीक्षणे पाहिल्यावर शंका उभी राहिली. राक्षसी तारे स्वतःच धडधडतात. ग्रहाने ओढले की ताऱ्याने उसासा टाकला, हे वेगळे काढणे कठीण. म्हणून वर्गाजवळ 'के-तीन', म्हणजे राक्षसी, असे दिसले की शहाणा माणूस जपून बोलतो.

आता सुरुवातीला कबूल केलेली गोष्ट. केप्लर या अवकाश दुर्बिणीने दीड लाखाहून जास्त ताऱ्यांवर डोळा ठेवला होता. ताऱ्यासमोरून ग्रह गेला की प्रकाश किंचित कमी होतो, ती घट मोजायची. समजा घट हजारात एक निघाली. याचा अर्थ ग्रहाने ताऱ्याच्या थाळीचा हजारावा भाग झाकला. पण थाळी केवढी? तारा सूर्याएवढा असेल तर ग्रह पृथ्वीच्या साधारण साडेतीनपट, नेपच्यूनच्या वाटेवरचा, वायूचा असण्याची शक्यता मोठी. तारा सूर्याच्या सहाव्या हिश्श्याएवढा असेल तर तोच ग्रह पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा मोठा, मंगळासारखा, दगडाचा. घट तीच, मोजणी तीच. ग्रह वायूचा की दगडाचा हे ताऱ्याच्या आकारावर ठरले.

एवढ्या ताऱ्यांचे वर्णपट आधी घेणे शक्य नव्हते, म्हणून केप्लरच्या मूळ सूचीत ताऱ्यांचे आकार रंगांच्या मोजणीवरून काढले होते. थंड लाल ताऱ्यांच्या बाबतीत ते अंदाज खूप फसले. आज ज्याला केप्लर-४२ म्हणतात तो त्यातलाच एक. इंग्लंडमधल्या केव्हिन ॲप्स या हौशी निरीक्षकाच्या लक्षात आले की हा तारा बर्नार्डच्या ताऱ्यासारखा आहे. बर्नार्डचा तारा सहा प्रकाशवर्षांवरचा शेजारी, अनेक वर्षे अभ्यासलेला, त्याचा आकार पक्का माहीत. मग फिलिप मुइरहेड आणि सहकाऱ्यांनी मोठ्या दुर्बिणींतून केप्लर-४२ चा वर्णपट घेऊन बर्नार्डच्या वर्णपटाशेजारी ठेवला. जुळ्या भावांसारखे. म्हणजे हा तारा सूर्याच्या ०.१७ पट त्रिज्येचा, सूचीत धरला होता त्यापेक्षा कितीतरी लहान. त्याबरोबर त्याचे तिन्ही ग्रह आक्रसले. जानेवारी २०१२ मध्ये जाहीर झाले तेव्हा त्यांच्या त्रिज्या पृथ्वीच्या ०.७८, ०.७३ आणि ०.५७ पट होत्या. तिघेही पृथ्वीहून लहान, एक जवळपास मंगळाएवढा. त्या वेळेपर्यंत इतका लहान ग्रह सूर्यासारख्या वा लाल ताऱ्याभोवती कुणाला सापडला नव्हता. त्यांच्यावर राहता येणार नाही, तिघांचेही वर्ष दोन दिवसांच्या आत संपते आणि तिथल्या उन्हापुढे आपला मे महिना महाबळेश्वर वाटेल. पण दुर्बीण न बदलता, ग्रहाला हात न लावता, केवळ ताऱ्याची ओळख दुरुस्त केल्याने तीन पृथ्वीपेक्षा लहान ग्रह मिळाले. ती ओळख प्रथम पटली एका हौशी माणसाला.

पाणी टिकेल असे अंतर कोणते, हेही वर्गावरच. जी वर्गाच्या सूर्याभोवती ते आपल्या जागेच्या आसपास, एम वर्गाच्या बटूभोवती चुलीला खेटून. प्रॉक्झिमाचा २०१६ मध्ये सापडलेला ग्रह अकरा दिवसांत फेरी मारतो आणि तरी त्या पट्ट्यात बसतो. ट्रॅपिस्ट-१ हा चाळीस प्रकाशवर्षांवरचा एम वर्गातला अगदी शेवटचा तारा, त्याला पृथ्वीच्या आसपास आकाराचे सात ग्रह. पण असले तारे अधूनमधून भडकतात, आणि इतक्या जवळच्या ग्रहावरची हवा टिकते की उडून जाते, यावर सध्या वाद आहे. जीवसृष्टीच्या प्रश्नाचे उत्तर जिथे मिळण्याची शक्यता सर्वाधिक मानली जाते ती ही डोळ्यांना न दिसणारी वस्ती.

कॅनन बाईंसारखे डोळे आता कमी पडतात, काम संगणकाकडे गेले आहे. त्याची एक सुरुवात पुण्याच्या आयुकात झाली. संगणकाच्या मज्जाजालाला वर्णपट दाखवून वर्ग ओळखायला शिकवणारा शोधनिबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला, लेखक गुलाटी, गुप्ता, गोठोसकर आणि खोब्रागडे. आज ज्याला एआय म्हणून डोक्यावर घेतलेय ते तेव्हा पुण्यात ताऱ्यांवर चालू होते. यंत्राला शिकवायला आधी नीट तपासलेले नमुने लागतात, म्हणून पुढे २००४ मध्ये भारतीय आणि अमेरिकी शास्त्रज्ञांनी १,२७३ ताऱ्यांच्या वर्णपटांचे भांडार तयार करून सर्वांना खुले केले.

मुलांसाठी आणखी एक. षडंश तारकासमूहातल्या एका ताऱ्याचे आणि त्याच्या ग्रहाचे नाव ठेवायचा मान २०१९ मध्ये भारताला मिळाला. ताऱ्याचे नाव बिभा ठेवले, पदार्थवैज्ञानिक बिभा चौधुरींवरून. ग्रहाचे नाव संतमस, संस्कृतातले. ते सुचवणारा पुण्यातला शाळकरी मुलगा होता.

आता आपल्या कामाचे. शाळेला दुर्बीण भेट द्यायचा ठराव दुपारच्या बैठकीत आला आहे. माझा पाठिंबा आहे, पण दोन गोष्टी त्यात घाला. नुसत्या दुर्बिणीतून पहिल्या वर्षी चंद्र, गुरूचे चंद्र, शनीची कडी पाहून होते आणि दुसऱ्या वर्षी ती कपाटात जाते. मी अशी कपाटे पुष्कळ पाहिली आहेत. म्हणून मोठ्या दुर्बिणीऐवजी सहा इंची घ्या, आणि उरलेल्या पैशांत तिच्या नेत्रिकेला लावायचे ग्रेटिंग आणि एक साधा कॅमेरा. ग्रेटिंग म्हणजे बारीक समांतर रेघांची काच, लोलकाचे काम करते. तेवढ्यावर व्याधाच्या हायड्रोजनच्या रेषा आणि काक्षीतले टायटॅनियम ऑक्साइडचे काळे पट्टे फोटोत स्पष्ट येतात. आठवी-नववीची मुले वर्षभरात तीसचाळीस ताऱ्यांचे वर्ग स्वतः लावू शकतील. केप्लरची आणि नंतरच्या टेस दुर्बिणीची निरीक्षणे इंटरनेटवर फुकट आहेत, पुढचे मूल पुढे जाईल.

दुसरी गोष्ट उजेडाची. आपण शिकत होतो तेव्हा जिल्हा एकच होता, गडचिरोली वेगळा झाला २६ ऑगस्ट १९८२ ला. आकाशही दोन्हीकडे सारखेच काळे होते. आता चंद्रपूरच्या बाजूला वीज केंद्र, खाणी, सिमेंट कारखाने यांचा उजेड आणि धूळ, आणि वैनगंगेच्या पलीकडे अजून आकाशगंगा दिसते. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, देशातले पहिले. तिथे अंधार पाहायला लोक आता पैसे देऊन जातात. आपल्या शाळेच्या मैदानावर मात्र गेल्या वर्षी बसवलेला हायमास्ट आहे. तो काढा म्हणत नाही, खेळाला लागतो. महिन्यातून अमावास्येच्या जवळचा एक शनिवार, आठ ते दहा, तो बंद ठेवायचा असा ठराव दुर्बिणीच्या ठरावालाच जोडून घ्या. शाळा समितीचे अध्यक्ष समोरच बसले आहेत, म्हणून आत्ताच बोलते.

आज रात्रीपुरती परवानगी मी मुख्याध्यापकांकडून घेतली आहे. जेवणे झाली की सगळ्यांनी मागच्या मैदानावर यावे, शाल आणावी, मोबाईल खिशात ठेवावा. माझ्याकडे छोटी दुर्बीण आणि दोन ग्रेटिंगे आहेत. आधी बाणातल्या पूर्वेकडच्या ताऱ्यापासून सुरू करू, ओढ्यावर बैल आला त्या क्रमाने. मुले रांगेत पहिली, आपण मागे. हायमास्टची किल्ली शिपाईकाकांकडे आहे, त्यांचे जेवण आधी होऊ द्या.